अकरा माणसांसमोर

शेषाजीमामा गेल्याचं मामींनी पत्रातून कळवलं. पाकिटात एक फोटोही होता: मैलापुरातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी भिंतीवर चिकटवलेल्या पोस्टरचा. चेन्नईत माणूस गेला की दुसऱ्या दिवशी त्याचा चेहरा भिंतीवर येतो, खाली नाव, खाली चार ओळींची श्रद्धांजली. मामांच्या चेहऱ्याखाली तमिळमध्ये लिहिलं होतं, इंजिनांचे जाणकार. मग, सर्वांना क्षमा करणारं मन.

हे खोटं आहे. शेषाजीमामांनी आयुष्यात कोणालाही क्षमा केली नाही. ज्यांनी ते पोस्टर लावलं त्यांनाही हे ठाऊक आहे. पण माणूस गेला की त्याचा राग आधी जाळायचा आणि मग देह, अशी आपल्याकडे रीत आहे. मी ती पाळणार नाही. मामांचा राग ही त्यांच्याजवळची सगळ्यात नीट राखलेली वस्तू होती. तिच्यावर गंज नव्हता.

मी त्यांच्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत चार वर्षं भाड्याने राहिले. नाशिकहून नोकरीसाठी आले होते, शहराबाहेरच्या मोटारींचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात चाचणी विभागात. मामा तंजावरच्या मराठी घराण्यातले. पूर्वज तिकडे गेले त्याला तीनशेच्या वर वर्षं झाली, आणि मामांच्या वडिलांनी कुटुंब चेन्नईला आणलं. घरात ते जी मराठी बोलत ती मला जुन्या कागदपत्रांतल्यासारखी वाटे, आणि तिला तमिळचा हेल होता. पहिल्याच आठवड्यात माझ्याकडून आगाऊपणा झाला. ते म्हणाले, "काफी घेऊन जावें." मी हसून म्हटलं, "मामा, आता असं कोणी बोलत नाही."

नऊ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. जिन्यात समोर आले की भिंतीकडे बघायचे. दहाव्या दिवशी संध्याकाळी वर आले, हातात एक चिठ्ठी.

"काल तुम्ही मामीशीं बोलत होतां. मी खालीं बसून मोजलें. तुमच्या बोलण्यांत इंग्लिश शब्द सव्वीस. माझ्यांत तमिळ किती येतात तेंही मोजलें. नऊ. आतां कोणाची मराठी मोडली तें सांगा."

चिठ्ठीवर सव्वीसच्या सव्वीस शब्द लिहिले होते, एकाखाली एक. त्या दिवसापासून आमचं जमलं. पण चिठ्ठी त्यांनी फाडली नाही. चार वर्षांत दोनदा खिशातून काढून दाखवली.

त्यांचा राग असा मोजून येत असे. गल्लीच्या टोकाच्या हॉटेलात एकदा वेटरने कॉफीचा डबरा, म्हणजे पेला ज्यात ठेवून देतात ती खोलगट वाटी, टेबलावर आपटला. मामांनी मालकाला विचारलं, ही कॉफी दिली का टाकली? मालक हसला. त्यानंतर एकोणीस वर्षं मामा त्या हॉटेलात गेले नाहीत. एवढ्यावर थांबते तर तो साधा रुसवा झाला असता. ते रोज सकाळी घरून फिल्टर कॉफी थर्मासमध्ये भरून नेत आणि त्या हॉटेलच्या बरोबर समोर, फुटपाथवर, गल्ल्यावरच्या मालकाला दिसेल असे उभे राहून पीत. मामी म्हणायच्या, "ह्यांना भुकेपेक्षां राग वेळेवर लागतो."

पण या माणसाने कोणावर ओरडलेलं मी कधी ऐकलं नाही. त्यांचा एकच नियम होता, आणि तो इंजिनासाठी जसा तसाच माणसांसाठी: मोजल्याशिवाय बोलायचं नाही. इंजिन गरम होतंय असं कोणी म्हटलं की ते विचारत, किती? फार गरम, असं उत्तर आलं की पाठ फिरवत. माझे वडील कारखान्यातल्या संघटनेचं काम करायचे. मी पत्रकांच्या गठ्ठ्यांवर झोपून मोठी झाले, बाराखडी त्यांच्यावरूनच शिकले. मला 'घोर', 'निर्लज्ज', 'धिक्कार' हे शब्द पाण्यासारखे येत. मामांसमोर ते एकेक करून गळून पडत.

आता ती व्हॅन.

रायपेट्ट्यातल्या एका वर्कशॉपमध्ये मामा एकतीस वर्षं इंजिनं बांधत होते. मालक वारला, त्याचा मुलगा दामोदरन गादीवर आला. दामोदरन लहानपणी मामांच्या मांडीवर बसून नटबोल्ट खेळलेला. तमिळमध्येही मामाच म्हणतात, तो त्यांना मामाच म्हणे. त्याला इंजिनापेक्षा रंगकाम, सीट कव्हर आणि स्पीकरचे डबे यांत गती होती. त्या वर्कशॉपमध्ये डॉक्टर नळिनी एक जुनी जर्मन व्हॅन घेऊन आल्या. डॉक्टर डोळ्यांच्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. व्हॅन पुदुच्चेरीत एका परदेशी म्हाताऱ्याच्या अंगणात पंचवीस वर्षं उभी होती. आत झोपायची फळी, छोटी शेगडी, खिडक्यांना पडदे. डॉक्टरांना तीत बसून आपल्या बहिणीबरोबर रामेश्वरला जायचं होतं.

त्या व्हॅनचं इंजिन मागे असतं आणि त्यात पाणी नसतं. रेडिएटर नाही, काही नाही. एक मोठा पंखा हवा ओढतो, पत्र्याच्या आवरणातून ती दोन्ही बाजूंच्या सिलिंडरांवर ढकलतो, आणि त्या हवेवरच इंजिन थंड राहतं. चेन्नईच्या उन्हात हे चालेल का, असं सगळे विचारत. मामा म्हणत, "ऊन बाहेर असतें. इंजिनाला आंतलें ऊन काढायचें असतें." पाच महिने त्यांनी ते इंजिन बांधलं. प्रत्येक फट मोजून वहीत लिहिली. ही मापं थाऊमध्ये असतात, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. मामांना दोन थाऊंचा फरक बोटाला कळत असे. गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पोलादी पात्या, ते फक्त बोटाची खात्री करायला वापरत.

व्हॅन तीन महिने उत्तम चालली. मग एक दिवस चेंगलपेटच्या पुढे तेलाचा लाल दिवा लागला, मागून जळका वास आला आणि इंजिन बंद पडलं. डॉक्टर टो करून थेट वर्कशॉपमध्ये आल्या आणि दारातूनच ओरडू लागल्या. तेव्हा दुपारचे चार वाजले होते, गिऱ्हाइकं होती, कामगार होते, चहावाला होता. दामोदरनने इंजिनाचं झाकण उघडून एकदा आत पाहिलं, मामांकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "किळवन कै पोच्चु."

म्हाताऱ्याचा हात गेला.

मामांनी हात पुसले, वही पिशवीत टाकली आणि एकतीस वर्षांची नोकरी सोडून घरी आले. ओरडणं नाही, भांडण नाही. मी कारखान्यातून आले तेव्हा ते ओसरीवर बसून एका कागदावर नावं लिहीत होते.

"काय लिहिताय मामा?"

"तिथें कोण होते तें. अकरा. तो आणि मी सोडून."

दोन महिने त्यांना कोणी काम दिलं नाही. अशा गोष्टी शहरात इंजिनापेक्षा वेगाने पळतात. जुन्या गाड्यांचे शौकीन जे पूर्वी मामांच्या घरी मिठाई घेऊन यायचे ते रस्त्यात मान हलवून पुढे जाऊ लागले. इकडे इंजिन निवल्यावर पुन्हा चालू झालं आणि दामोदरनने व्हॅनवर अक्कल चालवली. गरम देश आहे, हवा लागू दे, म्हणून इंजिनाभोवतीचे पत्रे आणि रबरी पट्ट्या काढून टाकल्या. व्हॅन आणखी तापली. त्याने विजेवरचा एक पंखा बसवला. आणखी तापली. शेवटी डॉक्टर वैतागून व्हॅन घरी घेऊन आल्या. त्यांचं घर आमच्यापासून तीन गल्ल्यांवर होतं. मामा एका रविवारी सकाळी त्यांच्या फाटकात जाऊन उभे राहिले. बरोबर मी, आणि माझ्या पिशवीत कारखान्यातून साहेबांना विचारून आणलेला तारेचा तापमापक.

डॉक्टरांनी त्यांना आत घेतलं नाही. तंजावरच्या मराठ्यांना इथे सगळे रावच म्हणतात; फाटकाच्या आतूनच म्हणाल्या, "राव, आता काय उरलंय तुमचं इथे?"

"माझें नांव," मामा म्हणाले. "मी इंजिन उघडणार नाही. फक्त मोजणार. पैसे नकोत."

डॉक्टर बाई होत्या चौकस. चाळीस वर्षं लोकांच्या डोळ्यांत बघून रोग ओळखलेला. न उघडता मोजणार म्हटल्यावर त्यांनी फाटक उघडलं.

मामांची पद्धत मी माझ्या कारखान्यातल्या कोणत्याही इंजिनियरमध्ये पाहिलेली नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. ती बदलली की व्हॅन समुद्रापर्यंत न्यायची आणि आणायची, त्याच रस्त्याने, त्याच वेगाने. आल्यावर चारी सिलिंडरांचं तापमान घ्यायचं आणि लिहायचं. पहिल्या रविवारी फक्त ठिणगीची वेळ तपासली. बरोबर होती. दुसऱ्या रविवारी कार्बोरेटर. बरोबर. प्लग काढून पाहिले: उजवे दोन खारकेच्या रंगाचे, डावे दोन चुन्यासारखे पांढरे. तिसऱ्या रविवारी दामोदरनने काढलेले पत्रे आणि रबरी पट्ट्या पुन्हा बसवल्या. चारही आकडे उतरले. पण उजवी बाजू एकशे साठला आली आणि डावी दोनशेच्या वरच राहिली.

"जर मी बसवलेल्या बेअरिंगची चूक असती," मामा म्हणाले, "तर इंजिन डावें-उजवें बघून तापलें नसतें. पोरी, तुझ्याकडे पातळ कागद आहे कीं?"

माझ्याकडे वडिलांनी पाठवलेला पत्रकांचा गठ्ठा होता, गुलाबी, अगदी झिरझिरीत कागदाचा. कंत्राटी कामगारांच्या मागण्या. मी एक आणून दिलं. त्यांनी त्याच्या बोटभर रुंद पट्ट्या फाडल्या. माझा हात नकळत कागदाकडे गेला, आणि ते त्यांना दिसलं.

"तुझ्या बाबांचे कागद चांगले. वारा लागला कीं हलतात."

इंजिन चालू करून ते व्हॅनच्या मागे उताणे झोपले आणि सिलिंडरांच्या खाली, जिथून गरम हवा बाहेर पडते तिथे, एकेक पट्टी धरली. उजवीकडे 'किमान वेतन मिळालेच पाहिजे' फडफडत होतं. डावीकडे 'एकजुटीचा विजय असो' सरळ खाली लोंबत होतं, जरासुद्धा हलत नव्हतं.

मामा उठून बसले. त्यांच्या चेहऱ्यावर मी जे पाहिलं त्याला आनंद म्हणवत नाही. शिकाऱ्याला पाऊल सापडल्यावर तो असा दिसत असावा.

"डाव्या बाजूला वाराच जात नाही. पंख्याच्या आवरणांत कांहीं बसलें आहे."

"मग काढा ना!" डॉक्टर म्हणाल्या.

"मी नाही. तो काढील."

"कोण तो?"

"ज्यानें बघितल्याशिवाय सांगितलें तो. आणि माझें नांव अकरा माणसांसमोर गेलें आहे, तें अकरा माणसांसमोरच परत येईल. तुम्ही त्यांतल्या एक. दहा राहिले."

डॉक्टर चिडल्या. "राव, रोग कळल्यावर ऑपरेशन थांबवून ठेवणारा डॉक्टर मी तुरुंगात पाठवला असता! पेशंट मरेल!"

"इंजिन बंद आहे, बाई. बंद इंजिन मरत नाही. तुम्हांला घाई असेल तर दुसऱ्याकडून उघडून घ्या. मी अडवणार नाही." मग म्हणाले, "पण तुम्हीही त्या दिवशीं ऐकलेंत आणि मान हलवलीत."

डॉक्टरांनी दुसऱ्याकडून उघडून घेतलं नाही. मान हलवल्याचं त्यांना आठवत होतं.

पत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी एका बैठकीत पूर्ण पान भरलं. एकतीस वर्षांच्या निष्ठेवर घोर आघात, कष्टकऱ्याच्या इज्जतीशी निर्लज्ज खेळ, असं बरंच. मामांनी चष्मा लावला.

"घोर म्हणजे किती?"

"घोर म्हणजे... फार मोठा."

"मोठा म्हणजे किती?"

पेन्सिलीने त्यांनी तो शब्द खोडला. मग निर्लज्ज खोडला. मग कष्टकरी खोडला, म्हणाले, मला नांव आहे. शेवटी पानावर उरलं ते एवढं: चार सिलिंडरांचे चार आकडे, डॉक्टरांचा पत्ता, रविवार सकाळी दहा, 'येऊन पाहावें.' मला राग आला होता. टी. नगरच्या एका लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसमध्ये मी ते तमिळमध्ये करून छापून घेतलं तेव्हा प्रेसवाल्यानेही विचारलं, नवरा-नवरीचं नाव राहिलं का? पण ते कागद मी दहा जणांच्या हातात दिले तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ते वाचून कोणी हसत नाही आणि कोणी वाद घालत नाही. चार आकड्यांशी काय वाद घालणार? वडिलांची पत्रकं वाऱ्यावर सोडून देताना मी लोकांना पाहिलं होतं. हे पत्रक कोणी टाकलं नाही. घडी करून खिशात ठेवलं.

दहांपैकी एक विमा एजंट तिरुनेलवेलीला गेला होता. मामा तीन आठवडे थांबले. दहा आले तर काय बिघडेल, असं मी विचारलं. ते म्हणाले, चार सिलिंडरच्या इंजिनाला तीन प्लग लावून काय बिघडेल?

तो परतल्यावरच्या रविवारी अकराच्या अकरा आले. चहावाला आपली किटली घेऊन आला. दामोदरनही आला, कारण न येणं म्हणजे कबुली होती. पांढरा शर्ट, सोन्याचं घड्याळ. "काय मामा, सभा भरवलीत?" म्हणाला. मामांनी त्याच्या हातात पाना दिला.

"उघड."

"मी? तुम्हीच उघडा की."

"माझा हात गेला आहे ना?"

कोणीतरी खोकलं. दामोदरनने घड्याळ काढून खिशात ठेवलं आणि वाकला. पट्टा काढला, बोल्ट काढले, आवरण उचलायला त्याला दोघांची मदत लागली. ते वर आलं तसा एक वास आला, जळका पण गोड. आवरणाच्या डाव्या भागात तेल थंड करायची एक जाळीदार पेटी असते. तिच्यावर काथ्याच्या पायपुसण्यासारखा एक तपकिरी थर घट्ट बसला होता. दामोदरनने बोटाने तो उचकटला. केळीच्या सोपाचे वाळके दोरे, आणि त्यांत अडकलेल्या मोगऱ्याच्या करपलेल्या कळ्या. शंभरेक तरी असतील.

"अय्यो," डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला. "माझी शुक्रवारची फुलं!"

दर शुक्रवारी देवाला फुलं घातल्यावर त्या एक हात गजरा व्हॅनलाही घालत. इथे सगळेच गाडीला फुलं घालतात, पण पुढे. डॉक्टरांनी विचार केला, या गाडीचं इंजिन मागे, म्हणजे गाडीचा जीव मागे. म्हणून त्या गजरा मागच्या हवेच्या फटींना बांधत. शनिवारी तो नाहीसा झालेला असे. देवाने घेतला, असं त्यांना वाटे. घेत होता पंखा.

आधी विमा एजंट हसला, मग चहावाला, मग सगळे. डॉक्टर स्वतःही हसू लागल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. दामोदरन तर मोकळा झाला. कमरेवर हात ठेवून म्हणाला, "बघा मामा! तुमची चूक नाही, माझी नाही. भक्तीची चूक!" चहावाल्याने पेले भरायला घेतले. अंगणात एकदम सण असल्यासारखं वाटू लागलं.

मामा हसले नाहीत.

"फुलांनी माझें नांव घेतलें नव्हतें," ते दामोदरनला म्हणाले. "तूं घेतलेंस."

हसणं थांबलं. दामोदरनने हात झटकले. "सॉरी, मामा."

"इंग्लिशांत नको. ज्या भाषेंत बोललास त्या भाषेंत."

"विडुंग सार," चहावाला म्हणाला, सोडून द्या. मग दुसरा म्हणाला, मग तिसरा. तुमचं नाव तर स्वच्छ झालं, आता कशाला, मुलासारखा आहे तो तुम्हाला, वय बघा तुमचं. अकरांपैकी सात जण बोलले, मी मोजले. ज्या दिवशी अपमान झाला त्या दिवशी यांतल्या एकाच्याही तोंडून शब्द निघाला नव्हता. अपमान होताना गप्प राहणारी माणसं समेटाच्या वेळी किती बोलकी होतात! त्यांना मामांची दया येत नव्हती. त्यांना तो मिनिट संपवायचा होता, कारण तो चालू होता तोवर त्यांचंही गप्प बसणं उघड्यावर होतं.

मामांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"त्या दिवशीं मोजलें होतेंस?"

"नाही, मामा."

"गेज हातांत घेतला होतास?"

"नाही."

"माझी वही मागितलीस?"

"नाही."

"मग हात गेला हें कशावरून कळलें?"

दामोदरन खाली बघत होता. त्याच्या बोटांना फुलांची काजळी लागली होती. मग तो हळू म्हणाला, "बाई ओरडत होत्या, मामा. मी घाबरलो. कोणाचं तरी नाव घ्यावं लागणार होतं."

"आणि मी जवळ होतों."

"हो."

"आतां ह्यांच्याकडे तोंड कर आणि सांग."

दामोदरन वळला. पस्तिशीचा माणूस, पण त्या क्षणी त्याचा चेहरा शाळकरी झाला होता. "इवर कै पोगलै," तो म्हणाला. यांचा हात गेला नाही. शेवटच्या शब्दाला त्याचा आवाज फाटला.

"एजंटसार मागें उभे आहेत. त्यांना ऐकूं गेलें नसेल."

तो पुन्हा म्हणाला, मोठ्याने.

"सरि," मामा म्हणाले, ठीक आहे, आणि नळाकडे हात धुवायला गेले. दामोदरन त्यांच्या मागोमाग गेला, हात पुढे करून उभा राहिला. मामांनी पंच्याने बोटं एकेक करून पुसली. "जा आतां. दुकान उघडें आहे तुझें," एवढंच म्हणाले. हातात हात दिला नाही.

घरी येताना मी विचारलं, "आता माफ केलंत ना त्याला?"

"कशाला? त्यानें खरें सांगितलें. खरें सांगायला माफी लागत नाही. आणि खोटें सांगितलें त्याची माझ्याकडे नाही."

मला त्या वेळी हे कठोर वाटलं नाही, आजही वाटत नाही. कठोर ते सात जण होते, ज्यांना एका म्हाताऱ्याचा सन्मान दहा मिनिटांच्या अवघडलेपणापेक्षा स्वस्त वाटला.

पेटी धुऊन, आवरण बसवून मामांनी हवेच्या फटींना आतून बारीक जाळी लावली आणि डॉक्टरांना एक हुक दिला, व्हॅनच्या पुढच्या बाजूला लावायला. डॉक्टर आणि त्यांची बहीण रामेश्वरला जाऊन आल्या. परत आल्यावर मामांनी पुन्हा मोजलं. तिसरा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा जरा गरम निघाला. मी घाबरले. ते म्हणाले, "तो तसाच असतो. त्याचा स्वभाव." इतक्या मायेने ते कोणा माणसाविषयी बोललेले मला आठवत नाही.

त्यानंतर डॉक्टरांच्या मोटारखान्यातच त्यांनी कामाला सुरुवात केली. मान हलवून पुढे जाणारे शौकीन परत आले. मामांनी त्यांची कामं केली, पण प्रत्येकाला आधी दोन महिने थांबवलं. स्वतः जितके थांबले होते तितकेच. दामोदरनकडे इंजिनाचं काम येईनासं झालं. त्याने रंगाचा धंदा वाढवला. मला त्याचं वाईट वाटलं नाही, आणि वाटलं असं लिहिणारही नाही.

मग माझी बदली पुण्याला झाली. निघायच्या दिवशी मामा सकाळीच इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. म्हणाले, स्टेशनला रायपेट्ट्यावरून जाऊं, मला तिथें उतरायचें आहे. रिक्षात हात पिशवीवर ठेवून बसले होते. रिक्षा दामोदरनच्या वर्कशॉपपुढे थांबवली तेव्हा मी थक्क झाले. त्या फाटकात ते त्या दुपारनंतर पाऊल टाकत नव्हते. मी सामान रिक्षात ठेवून त्यांच्या मागे गेले.

दामोदरन काउंटरमागे होता. उठून उभा राहिला. मामांनी पिशवीतून गेजच्या दोन पात्या काढून काउंटरवर ठेवल्या.

"ही चार थाऊ. ही सहा थाऊ. पंधरा दिवस झाले, डोळे मिटून मला वेगळ्या कळत नाहीत. रोज सकाळीं मोजतों. मामी हातांत देते, मी सांगतों. काल दहांत सहा वेळा चुकलों."

दामोदरनला कळेना. "मामा, बसा. काफी मागवतो."

"बसायला आलों नाही. हात गेला आहे. आतां बोल." त्यांनी मागे वळून कामगारांकडे पाहिलं. सगळ्यांनी हातातली कामं थांबवली होती. "अकरा नाहीत. पण सात आहेत. चालेल."

"मी कसं बोलू, मामा?"

"तेव्हां कसें बोललास? तेव्हां खोटें होतें, तोंडांतून लगेच आलें. आतां खरें आहे. मोजलेलें आहे. आतां तुला हक्क आहे."

दामोदरनने एक पाती उचलली आणि परत ठेवली. त्याचे डोळे भरून आले होते. मला वाटलं मामा आता त्याच्या खांद्यावर हात ठेवतील, कोणीही ठेवला असता. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवू लागला. माझी गाडी पाऊण तासात सुटणार होती.

"मामा, मी निघते," मी म्हटलं.

त्यांनी न वळता हात वर केला. मी फाटकातून मागे पाहिलं. दामोदरन काउंटरवरचे कागद उगाच सारखे करत होता, सात माणसं आपापल्या जागी उभी होती, आणि मामा ताठ पाठीने त्याच्या तोंडाकडे बघत वाट पाहत होते. त्यांना काही घाई नव्हती.